वधूवरांनी बोलावयाचे शब्द

लग्नघरात सर्वांत कमी कोण बोलते, याचा आपण कधी विचार केला आहे काय? गुरुजी बोलतात, मामा बोलतात, विहिणी तर बोलतातच. आत्या-मावश्या घरी रचलेली मंगलाष्टके गातात आणि दोन्ही कुळांतील वडीलधाऱ्यांची नावे वृत्तात बसविण्यासाठी त्यांनी केलेली धडपड ऐकणाऱ्यास कौतुकाची वाटते. अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी असलेली दोन माणसे तेवढी मुकाट असतात. पुढे गुरुजी ‘म्हणा’ म्हणतील तेव्हा वराने संस्कृतातील दोनचार शब्द उच्चारावयाचे आणि पंक्तीत आग्रह झाला की वधूने एक उखाणा घ्यावयाचा. ज्या दोघांना त्या दिवसापासून एकत्र आयुष्य काढावयाचे असते, त्यांचे परस्परांशी बोलणे एवढ्यावर आटोपते.

अलीकडे अनेक घरांतील मुलेमुली म्हणू लागली आहेत की, आम्ही एकमेकांना काय वचन द्यावयाचे ते आमचे आम्ही लिहू आणि चारचौघांसमोर आमच्या भाषेत वाचू. घरातील वडील मंडळींना हे खूळ चित्रपटांतून आले असे वाटते. ते अगदीच खोटे नाही. आपली प्रतिज्ञा आपण लिहिण्याची रूढी पाश्चात्त्य देशांत गेल्या काही दशकांत बरीच पसरली आणि तिची पाळेमुळे आणखी मागे जातात. लूसी स्टोन आणि हेन्री ब्लॅकवेल यांनी १ मे १८५५ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे आपल्या लग्नातच एक निषेधपत्र वाचले. विवाह होताच पत्नीची मालमत्ता व तिचे स्वतंत्र अस्तित्व पतीच्या स्वाधीन करणारे कायदे आम्हास मान्य नाहीत, असा त्याचा आशय होता. परंतु हा विषय केवळ साहेबाच्या देशातून आला असे जे समजतात, त्यांनी आधी पुण्याकडे आणि मग लखनौकडे दृष्टी वळवावी.

पुण्यात जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्या पद्धतीचा पहिला विवाह झाला. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधा. पुरोहित नव्हता. पुढच्याच वर्षी मे महिन्यात दुसरा विवाह झाला. पुरोहितावाचून लग्न लागते ही गोष्ट त्या काळी केवढी धक्कादायक होती, हे ओतूरच्या प्रकरणावरून कळते. तेथे अशी लग्ने लागू लागताच आपला वंशपरंपरागत हक्क बुडाला म्हणून जोशांनी दावा लावला आणि तो मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला.

या पद्धतीची चर्चा होते तेव्हा पुरोहित नसणे एवढ्यावरच बहुतेकांची दृष्टी खिळते. आमच्या मते तिच्यातील खरी नवलाई निराळी आहे. १८८७ साली जोतीरावांनी पूजाविधीचे जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात त्यांनी मंगलाष्टकांचा ओळखीचा साचा तसाच ठेवला, पण त्यातील आवाज पालटला. ती अष्टके आता वधू आणि वर म्हणतात. वधू वरास विचारते. स्त्रियांना स्वातंत्र्य कसे असते याचा अनुभवच नाही, तेव्हा त्यांचे हक्क देईन अशी शपथ घे, असे ती मागणे मागते. वर उत्तर देतो की, त्या हक्कांसाठी मी झटेन आणि त्यापायी सर्वस्व वेचावे लागले तरी मागेपुढे पाहणार नाही. ज्या काळात नवऱ्याचे नावसुद्धा बायको उघड घेत नसे, त्या काळात भरमांडवात तिने त्याच्याकडून शपथ मागावी, याचे वजन आज आपल्याला सहजी उमगणार नाही.

शास्त्रोक्त विधीत प्रतिज्ञा नसतात असे मात्र कोणी समजू नये. सप्तपदीच्या सात पावलांचा अर्थ क्रमाने अन्न, बळ, धनवृद्धी, सुख, संतती, ऋतू आणि अखेरीस सख्य असा आहे. सातव्या पावलावर वधू वराची सखी होते, ही कल्पना किती सुंदर आहे! अडचण एवढीच की, चालणाऱ्या दोघांना तिचा पत्ता नसतो. दुसरी प्रतिज्ञा कन्यादानाच्या वेळची. धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतींत हिला सोडून मी वागणार नाही, असे वर ‘नातिचरामि’ या एका शब्दात कबूल करतो. पण बारकाईने पाहिले तर वर हे वचन वधूच्या पित्यास देत असतो. ती शेजारी बसून ऐकते.

या ठिकाणी लखनौचा पहिला संबंध येतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे एक खंडपीठ लखनौ येथे बसते. त्या खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये असे स्पष्ट केले की, हिंदू विवाह कायद्याखाली विवाह सिद्ध होण्यासाठी कन्यादान हा आवश्यक विधी नाही. १९५५ च्या त्या कायद्यात नाव घेऊन सांगितलेला विधी सप्तपदीचा आहे आणि जेथे ती होते तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. अर्थात ज्यांना कन्यादान करावयाचे असेल त्यांना कोणी अडविलेले नाही. परंतु जी मुलगी म्हणते की, ‘मी दान देण्याची वस्तू नव्हे’, तिचा विवाह त्यामुळे अपुरा राहत नाही, एवढे आता घरातील वडीलधाऱ्यांना निःशंकपणे सांगता येईल.

आता लखनौच्या जुन्या मोहल्ल्यांत जाऊ या. मराठी वाचकास हे शहर बहुधा दोन गोष्टींमुळे परिचित असते: नबाबी अदब आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली तेथे उभारलेले संगीत महाविद्यालय. प्रतिज्ञा लिहिण्याच्या बाबतीत त्या शहराजवळ फार जुना अनुभव साठलेला आहे, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. मुसलमानी विवाह हा मुळात करार होय. एका पक्षाने प्रस्ताव करावयाचा, दुसऱ्याने ‘कबूल’ म्हणावयाचे. शिया घराण्यांत, आणि लखनौत ती पुष्कळ आहेत, वधू व वर यांच्या वतीने दोन मौलवी अरबी वाक्ये उच्चारतात. पण त्यासाठी आधी वधूकडून तशी मुखत्यारी घ्यावी लागते. निकाहनामा लिहिला जातो, त्यात मेहेरची म्हणजे वराने वधूस द्यावयाच्या धनाची रक्कम मांडली जाते, आणि उभयतांस मान्य अशा शर्तीही लिहिता येतात. करार, कबूल, शर्त हे तीनही शब्द आपण मराठीत रोज वापरतो. फक्त लग्नाच्या संदर्भात ते आपल्याला परके वाटतात.

शर्त लिहिणे सोपे, नीट लिहिणे कठीण. भाषांतराचे काम करणाऱ्यास मौज वाटेल असा एक दाखला देतो. तत्काळ द्यावयाच्या मेहेरला ‘मुअज्जल’ म्हणतात आणि पुढे कधीतरी, घटस्फोट किंवा मृत्यू यांच्या वेळी द्यावयाच्या मेहेरला ‘मुवज्जल’. उर्दू लिपीत या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे. त्या एका अक्षरावर एखाद्या स्त्रीचे पैसे आज हातात येणार की तीस वर्षांनी, हे ठरते. आपल्या परिचयात अशा घरी लग्न निघाले असेल तर सही होण्यापूर्वी तो शब्द कोणाकडून तरी वाचून घ्या, असे अवश्य सांगावे.

आकड्यांची गोष्ट तर त्याहून बोधप्रद आहे. अवधच्या खानदानी घराण्यांत एके काळी मेहेरचे आकडे प्रतिष्ठेसाठी इतके फुगविले जात की, ते देण्याची ऐपत नवऱ्यात नसे आणि देण्याची कोणाची कल्पनाही नसे. १८७६ साली इंग्रज सरकारने अवधसाठी जो कायदा केला, त्यात मुद्दाम एक कलम घालावे लागले. करारातील मेहेर नवऱ्याच्या ऐपतीच्या मानाने अवाजवी असेल तर न्यायालयाने ती पूर्ण रक्कम देववू नये, नवऱ्याची ऐपत आणि पत्नीचा दर्जा पाहून वाजवी तेवढीच देववावी, असे ते कलम होते. म्हणजे मांडवात ज्या आकड्याने वाहवा मिळविली, तो न्यायालयात आपल्या वजनाने कोसळे. आणि जिच्यासाठी तो लिहिला होता तिला वाजवी किती हे न्यायाधीशाच्या तोंडून ऐकावे लागे.

याच्या उलट पानाच्या डब्याची कथा पाहा. उत्तर हिंदुस्थानातील मुसलमान घराण्यांत नव्या सुनेला तिच्या खाजगी खर्चासाठी दरमहा काही रक्कम देण्याची चाल होती. तिला ‘खर्च-ए-पानदान’ म्हणत. शब्दशः पाहिले तर विड्याचा खर्च, पण खरे म्हणजे ज्याचा हिशेब कोणी विचारणार नाही असा पैसा. १८७७ साली एका नबाब घराण्यात दोन अल्पवयीन मुलांचे लग्न ठरले. वराच्या पित्याने वधूच्या पित्यास लिहून दिले की, सुनेला दरमहा पाचशे रुपये पानदानाचा खर्च म्हणून देईन, आणि त्यासाठी आपल्या काही मिळकतीवर बोजा ठेवला. पुढे पतिपत्नींचे पटले नाही आणि १८९६ साली ती सासरचे घर सोडून गेली. तिने रकमेची मागणी केली तेव्हा सासऱ्याने म्हटले की, करार मी हिच्याशी केला नव्हता, हिच्या बापाशी केला होता. शिवाय ही आता येथे राहत नाही. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९१० साली निकाल हुसैनी बेगमच्या बाजूने लागला. ज्या समाजात मुलांची लग्ने आईबाप ठरवितात, तेथे जिच्या हितासाठी करार झाला तिलाच तो बजावता येऊ नये, हा अन्याय होईल, असे न्यायाधीशांनी म्हटले. शिवाय सासरी राहिलीस तरच पैसे मिळतील अशी शर्त त्या कागदात कोठेही नव्हती. रक्कम मोजकी, मुदत स्पष्ट, मिळकत नेमून दिलेली. चांगली प्रतिज्ञा कशी लिहावी याचा धडा त्या कागदाइतका चोख आम्हाला दुसरीकडे आढळला नाही.

आपल्या काळात लखनौने हा विषय पुन्हा हाती घेतला. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २००५ साली नमुन्याचा निकाहनामा मान्य केला. मार्च २००८ मध्ये शाइस्ता अंबर यांच्या लखनौतील महिला मंडळाने आपला निराळा निकाहनामा प्रसिद्ध केला. दूरध्वनीवरून वा संदेश पाठवून दिलेला तलाक त्यात मान्य केलेला नव्हता. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात त्याच शहरात एक निकाह लागला आणि त्याची वार्ता देशभर पसरली. वधू नाइश हसन या मुस्लिम स्त्रियांच्या चळवळीतील कार्यकर्त्या, आणि निकाह पढविणाऱ्या होत्या नियोजन मंडळाच्या तेव्हाच्या सदस्या सैयदा हमीद. पुरुष काझीची जागा एका स्त्रीने घेतलेली पाहून अनेकांच्या भुवया उंचावल्या, चर्चा झाली, वाद झाले. वास्तविक त्या समारंभात वापरलेला निकाहनामाही चळवळीतील स्त्रियांनीच तयार केलेला होता. आमच्या दृष्टीने काझी कोण यापेक्षा कागद कोणी लिहिला ही बाब अधिक महत्त्वाची आहे. वृत्तपत्रांना मात्र पहिलीच अधिक रुचली.

अवधमधील हिंदू लग्नांतही एक लक्षात घेण्याजोगी प्रथा आहे. तेथे वधू वराच्या डाव्या बाजूस येऊन बसण्यापूर्वी त्याच्याकडून सात वचने मागते. तीर्थयात्रेस मला बरोबर नेशील, माझ्या आईबापांचा तुझ्या आईबापांसारखा मान ठेवशील, घरखर्चात माझा विचार घेशील, अशा तऱ्हेची ती वचने आहेत. म्हणतात पंडितजीच आणि तीही संस्कृतात. पण प्रत्येक वचन झाले की ते हिंदीतून अर्थ सांगतात, मांडवात हशा पिकतो, वराकडून ‘हो’ वदवून घेतले जाते. महाराष्ट्रात ही चाल रूढ नाही. ती उसनी घेण्यास हरकत काय, असे आम्हाला पुष्कळदा वाटते. खर्चाच्या बाबतीत विचार घेण्याचे वचन तर आजही जसेच्या तसे उपयोगी पडेल.

आता ज्यांच्या घरी कार्य निघाले आहे त्यांच्यासाठी कायद्याची बाजू. ती कंटाळवाणी आहे, पण टाळता येण्यासारखी नाही. स्वतः लिहिलेली प्रतिज्ञा कितीही हृदयस्पर्शी असली तरी केवळ ती वाचून हिंदू विवाह कायद्याखाली लग्न लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये बजावले आहे की, विधी न होता केवळ नोंदणीचा दाखला मिळविला तर तो हिंदू विवाह ठरत नाही. तमिळनाडूची गोष्ट वेगळी. तेथे पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीतून पुरोहिताविना लग्ने लागू लागली, १९५३ साली मद्रास उच्च न्यायालयाने ती अग्राह्य ठरविली, आणि शेकडो संसारांवर प्रश्नचिन्ह उभे राहिले. अखेर १९६७ साली अण्णादुराई यांच्या सरकारने कायद्यात दुरुस्ती करून आधीची व पुढची अशी सर्व लग्ने वैध केली. उभयतांना समजेल अशा भाषेत, आप्तमित्रांसमोर, आम्ही परस्परांना पतिपत्नी म्हणून स्वीकारतो असे म्हणणे किंवा हार अथवा अंगठी घालणे तेथे पुरेसे असते. ही सवलत त्या राज्याच्या दुरुस्तीतून आलेली आहे. महाराष्ट्रातील किंवा उत्तर प्रदेशातील कुटुंबाने तिच्यावर विसंबू नये.

त्यांच्यासाठी निर्वेध मार्ग म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्याखाली विवाह कोणत्याही पद्धतीने लावता येतो. अट एवढीच की, विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमक्ष प्रत्येकाने दुसऱ्यास उद्देशून, मी तुझा कायदेशीर पती अथवा पत्नी म्हणून स्वीकार करतो वा करते, अशा अर्थाचे ठराविक वाक्य उच्चारले पाहिजे, आणि तेही दोघांना समजेल अशा भाषेत. भाषेची ही अट आम्हाला विशेष प्रिय आहे. आपल्या देशातील विवाहाच्या कायद्यात ‘समजेल अशा’ हे शब्द आहेत, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. हे वाक्य बदलता येत नाही. त्याच्या पुढेमागे आपले जे काही असेल ते खुशाल वाचावे.

या कायद्यात विवाहाची नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते आणि हरकतींसाठी तीस दिवसांची मुदत असते. आंतरधर्मीय वा आंतरजातीय लग्न करणाऱ्यांस या जाहीर नोटिशीचा फार जाच होई. घरच्या मंडळींना आणि गावगुंडांना आयतीच बातमी मिळे. लखनौ खंडपीठाने १२ जानेवारी २०२१ रोजी निकाल दिला की, नोटीस प्रसिद्ध करावी की नाही हे वधूवरांनी लेखी सांगावयाचे. त्यांनी प्रसिद्धी मागितली नाही तर अधिकाऱ्याने ती करू नये. हा निकाल उत्तर प्रदेशपुरता आहे. इतर राज्यांतील वाचकांनी आपल्या विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात आधी चौकशी करावी.

प्रत्यक्ष लिहावयास बसाल तेव्हा काव्य करण्याचा मोह आवरा. चंद्रसूर्यांना साक्षी ठेवणे, जन्मोजन्मीची गाठ घालणे, हे इतरांनी पुष्कळ केलेले आहे. ‘मी तुझ्यावर कधीही रागावणार नाही’ हे वाक्य तर लिहूच नका. ते लखनौच्या फुगविलेल्या मेहेरसारखे आहे. आठ दिवसांत त्याची वसुली अशक्य होते. त्यापेक्षा तुमच्या घरात पुढे खरोखर कोणते प्रश्न उभे राहणार आहेत ते दोघांनी आधी बोलून घ्यावे. तिची बदली दुसऱ्या गावी झाली तर कोणी कोणाबरोबर जावयाचे? तिच्या आईवडिलांचा औषधोपचार कोणाच्या पगारातून? वडिलोपार्जित घर नसेल तर नवे घर कोणाच्या नावावर? मूल केव्हा, आणि ते झाल्यावर रात्री कोणी उठावयाचे? यांतील जे चारचौघांत वाचता येईल ते वाचावे, जे येणार नाही ते कागदावर लिहून दोघांनी सह्या करून ठेवावे. मिळकतीसंबंधी काही असेल तर वकिलास दाखवावे. पानदानाचा तो कागद टिकला, कारण तो जाणकाराने लिहिलेला होता.

वाचन किती वेळ चालावे? प्रत्येकी दोन मिनिटे पुरेत. पंगत खोळंबलेली असते. आजीला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने आणि तिला समजेल अशा मराठीत वाचावे. सप्तपदी करणार असाल तर सातवे पाऊल टाकून झाल्यावर, सख्याचा उल्लेख होऊन गेलेला असतो, ती वेळ यासाठी उत्तम; गुरुजींना दोन दिवस आधी सांगितले तर बहुतेक गुरुजी आनंदाने थांबतात. नोंदणी पद्धतीने लग्न करणार असाल, तर जेथे मुदतीचा नियम पाळला जातो तेथे नोटीस दिल्यापासून तीस दिवस हाताशी असतात. मजकूर लिहून, एकमेकांना दाखवून, खोडून पुन्हा लिहावयास तेवढे दिवस पुरतात.